जादा काम कोण सांगणार ते आधी लिहा: बेळगावकडच्या कॉन्ट्रॅक्टर मंडळींनी करार कसा करायचा

हिंडलग्याकडच्या एका बंगल्याचं वायरिंग मी घेतलं होतं, पॉइंटप्रमाणे (लाइट, फॅन, प्लगच्या दर जागेमागे) रेट, सगळं तोंडी. ठरलं तेव्हा ११२ पॉइंट होते, माझ्या वहीत पेन्सिलीनं लिहिलेले. पाइप बसले, प्लॅस्टर झालं आणि मग रोज कोण ना कोण यायचं. मालकांचे धाकटे भाऊ म्हणाले "मेस्त्री, देवघरात एक वाढवा की", वहिनींना मिक्सरजवळ दोन पाहिजेत, थोरल्या मुलाला बेडच्या दोन्ही बाजूंना टू-वे (एकच लाइट दोन जागांवरून चालू-बंद करायचे स्विच), जिन्याखाली इन्व्हर्टरची लाइन, गेटवर लाइट. प्लॅस्टर झालेल्या भिंतीत परत झिऱ्या, म्हणजे पाइपसाठी खाचा, मारल्या. शेवटी मोजले तर १५३ भरले. बिल दिलं तेव्हा मालक म्हणाले, "हे कुणी सांगितलं? मी तर सांगितलं नव्हतं." आणि ते खरं बोलत होते, त्यांनी सांगितलंच नव्हतं, घरातल्यांनी सांगितलं होतं. ४१ पॉइंटची मजुरी गेली, पोरांचा पगार मी घरातून दिला आणि त्या घरी जाणं-येणं पण तुटलं.

रेटवरून भांडण झालेलं मी फार कमी बघितलंय, कारण रेट दोघांच्याही लक्षात असतो. भांडण होतं ते जादा कामावरून, आणि त्यातही "कुणी सांगितलं" यावरून. म्हणून आता दोन पानांचा का असेना, लिखित करार झाल्याशिवाय मी झिरी मारायचं मशीन बाहेर काढत नाही. मी इलेक्ट्रिकलवाला, पण गवंडी, सुतार, पेंटर, फॅब्रिकेटर, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जॉबवर्क (दुसऱ्याच्या मालावर मजुरीनं काम) करणारे, लग्नाचे फोटोग्राफर, घरी बसून डिझाइनचं काम घेणारी पोरं-पोरी, सगळ्यांची गोष्ट हीच आहे. मोठ्या रकमेचं काम असेल तर कागद वकिलाला दाखवाच, पण आपल्या धंद्यातल्या खाचाखोचा त्यांना माहीत नसतात, त्या आपणच लिहून न्यायला लागतात.

तोंडी ठरलेलं चालत नाही का?

चालतं. आपला करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याच्या कलम १० प्रमाणे दोन सज्ञान माणसांनी, राजीखुशीनं, कायदेशीर कामासाठी, मोबदला ठरवून केलेला करार म्हणजे करार, मग तो तोंडी का असेना. पण कोर्टात तो सिद्ध करताना जीव जातो. व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर ठरलेलंही चालतं, आयटी (माहिती तंत्रज्ञान) कायदा २००० च्या कलम १०ए मध्ये ते स्पष्ट आहे. फक्त १ जुलै २०२४ पासून जो भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय त्याच्या कलम ६३ प्रमाणे असा डिजिटल पुरावा देताना प्रमाणपत्र जोडायला लागतं, नुसता स्क्रीनशॉट दाखवून भागत नाही. म्हणून मूळ मोबाइल आणि चॅट जपून ठेवा, फोन बदलायच्या आधी चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल करून ठेवा.

आपल्याकडं खरी अडचण कायद्याची नसतेच. काम गावातलं, पाहुण्यांतलं, तालमीतल्या दोस्ताचं, कागद काढला की समोरचा म्हणतो "एवढा पण विश्वास नाही काय?" मी तेव्हा सांगतो, अण्णा, हा कागद तुमच्यासाठी पण आहे, मी उद्या तुमचा अॅडव्हान्स घेऊन अर्ध्यात काम सोडलं तर तुमच्या हातात काय राहणार? एवढं सांगितलं की बहुतेक लोक सही करतात. आणि एवढं सांगूनही जो करत नाही त्याचं काम मी घेत नाही.

सुरुवात: कोण कुणाशी करार करतोय

दोघांची पूर्ण नावं आधारप्रमाणे, पत्ता, फोन, पॅन. घर कुणाच्या नावावर आहे आणि पैसे कोण देणार आहे हे आधी विचारा. खूपदा घर आईच्या नावावर, बोलणी मुलगा करतो आणि पैसे दुबईतला भाऊ पाठवतो. पैसे देणाऱ्याची सही पाहिजेच. समोर कंपनी असेल तर सही करणारा कोणत्या अधिकारानं करतोय ते लिहा आणि शिक्का घ्या. आपण स्वतंत्र कॉन्ट्रॅक्टर आहोत, नोकर नाही, ही ओळ घाला, पण नुसत्या ओळीनं होत नाही. रोज नऊला हजेरी, सुट्टीला परवानगी, दुसऱ्याचं काम घ्यायचं नाही असं सगळं त्याच कागदात लिहिलेलं असेल तर ती नोकरीच दिसते.

कामाची यादी आणि तिच्याखाली दुसरी यादी

पहिल्या यादीत काय करणार. दुसऱ्या यादीत काय करणार नाही. दुसरी यादी जास्त महत्त्वाची, आणि तीच कोण लिहीत नाही. माझ्या कागदात असतं: फॅन, लाइट, गिझर मालकांनी आणायचे, बसवायची मजुरी यात धरलेली आहे किंवा नाही. हेस्कॉमचं, म्हणजे आपल्याकडच्या वीज कंपनीचं, डिपॉझिट, मीटरचा खर्च, टेम्पररी कनेक्शन मालकांकडं. झिरी बुजवायचं सिमेंट गवंड्याकडं. सीसीटीव्ही आणि इंटरनेटच्या वायरी यात नाहीत. गवंड्यानं घर धरलं असेल तर पाण्याची संप टाकी, पॅरापेट, कंपाउंड, जिना, लॉफ्ट आणि समोरचं एलेव्हेशन यातलं काय रेटमध्ये आणि काय बाहेर ते एकेक शब्द लिहावं. "घर पूर्ण करून देणे" असं एका ओळीत लिहिलं तर त्यात काय काय येतं याची मर्यादाच नाही.

मोजायचं कसं हे रेटच्या शेजारीच लिहा

"पॉइंटला इतके" म्हटलं, पण पॉइंट म्हणजे काय? एका स्विचवर दोन लाइट लागत असतील तर पॉइंट एक की दोन? जिन्याचा टू-वे एक धरायचा की दीड? एसीची वेगळी लाइन थेट डीबीपासून (घराच्या मुख्य वीज बोर्डापासून) येते, ती पॉइंटमध्ये की मीटरवर? मी हे सगळं लिहून त्याखाली छोटं चित्र काढतो, पेनानं, दोन गोल आणि एक स्विच, शेजारी "हे २ पॉइंट". समोरच्याला वाचून कळत नाही ते चित्र बघून कळतं.

गवंडीकामात स्क्वेअर फुटाचा रेट स्लॅबच्या मापावर की बिल्टअपवर, छज्जे धरायचे की नाही, प्लॅस्टरच्या मापातून दारं-खिडक्या वजा करायच्या की नाही. पेंटरचं पण तेच, शिवाय किती हात, लांबी (पुट्टी) मारायची का, रंग कुणी आणायचा. फॅब्रिकेटरनं किलोवर काम घेतलं असेल तर वजन कोणत्या काट्यावर आणि रंगाच्या आधी की नंतर.

उद्यमबागेतल्या जॉबवर्कवाल्यांना मी एकच सांगतो, रिजेक्शन कुणाच्या माथी ते लिहून घ्या. फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग वरून चांगलं दिसतं, आपण टूल लावल्यावर आत ब्लो होल (हवेची पोकळी) निघतो. माल त्यांचा खराब, पण मशीन आपलं चाललं, टूल आपलं झिजलं. "कास्टिंगच्या दोषामुळं रिजेक्ट झालेल्या नगाची तोपर्यंतची मशिनिंग मजुरी मिळेल, मशिनिंगच्या चुकीमुळं रिजेक्ट झाल्यास मजुरी मिळणार नाही", एवढी ओळ पुरते. मशिनिंगचा चुरा कुणाचा, तेही घाला.

जादा काम

ही पायरी नीट वाचा. माझ्या करारातला मजकूर आहे तसा देतो, लागेल तसा बदलून घ्या:

"यादीत नसलेलं कोणतंही काम जादा काम धरलं जाईल. जादा काम फक्त मालक श्री. ______ किंवा त्यांनी नेमलेले श्री./सौ. ______ हेच सांगू शकतील. काम, माप आणि दर व्हॉट्सॲपवर पाठवल्यानंतर 'मंजूर' असं उत्तर आल्यावरच ते काम सुरू होईल. झालेलं काम फोडून परत करायला लागल्यास फोडण्याची आणि बुजवण्याची मजुरी वेगळी. जादा कामासाठी लागणारे दिवस मुदतीत वाढवून दिले जातील."

आणि मेसेज असा जातो: "आज १४ तारीख. देवघर, १ लाइट पॉइंट, १ प्लग पॉइंट, ठरलेल्या रेटनं. भिंतीचं प्लॅस्टर झालेलं आहे म्हणून झिरी बुजवणं जादा. मंजूर असेल तर कळवा." सोबत भिंतीचा फोटो. उत्तर येईपर्यंत पोरांना दुसऱ्या खोलीत लावायचं. पहिल्या दोन-तीन वेळेला जरा अवघडल्यासारखं होतं, मग मालकालाच सवय लागते, आणि गंमत म्हणजे घरातले लोक पण आधी मालकाला विचारून मगच आपल्याकडं येतात. यादी करताना बसल्या जागी घरातल्या बायकांना बोलवा. स्वयंपाकघरात काय कुठं लागतं हे त्यांनाच माहीत असतं, अर्धं जादा काम तिथंच संपतं.

पैशाचे टप्पे

तारखेवर हप्ता लावू नका, कामाच्या टप्प्यावर लावा. माझं असं असतं: सुरुवातीला २० टक्के, स्लॅबमधले पाइप झाल्यावर २०, भिंतीच्या झिऱ्या आणि बॉक्स बसल्यावर २५, वायर ओढल्यावर २५, फिटिंग आणि टेस्टिंगला १०. शेवटचा हप्ता मुद्दाम लहान ठेवतो, कारण अडकतो तो शेवटचाच. वास्तुशांत झाली, पाहुणे जेवून गेले की मालकाची घाई संपते.

"काम पूर्ण" कधी हेही लिहा, नाहीतर शेवटचे १० टक्के वर्षभर लोंबकळतात. मी लिहितो की टेस्टिंग करून सगळे पॉइंट चालू दाखवल्यावर सही होईल, आणि कळवल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार आली नाही तर काम पूर्ण धरलं जाईल. त्यानंतर किती महिने मोफत दुरुस्ती, कशाची, ते पण.

रोखीनं घेत असाल तर जपून. एकाच व्यवहाराचे २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतले तर इन्कम टॅक्सचा दंड घेणाऱ्याला होतो आणि तो तेवढ्याच रकमेचा होऊ शकतो, हप्ते पाडून घेतले तरी व्यवहार एकच धरला जातो. ५,००० च्या वरच्या पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही करा. कंपनी किंवा मोठी फर्म बिल देताना टीडीएस (इन्कम टॅक्सची आगाऊ कपात) कापते, कामाच्या कॉन्ट्रॅक्टला एकट्या माणसाचा साधारण १ टक्का, वकील-सीए-आर्किटेक्टसारख्या प्रोफेशनल फीला १० टक्के, पॅन दिलं नाही तर २० टक्के. हे पैसे आपल्याच नावावर जमा होतात, पोर्टलवर दिसतात का बघत जा. आणि रेट जीएसटी धरून की सोडून, एवढे तीन शब्द विसरू नका. सर्व्हिसवाल्यांना वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते. १८ टक्के कुणाच्या खिशातून जाणार हे नंतर ठरवायला गेलं की काम नुकसानीत जातं.

जॉबवर्क आणि सर्व्हिसवाल्यांनी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा, ऑनलाइन आहे, फुकट आहे, आणि काम घ्यायच्या आधीच करा. लहान उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे लिखित करारातही पैसे द्यायची मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं, तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते. बांधकामाच्या कॉन्ट्रॅक्टला हे लागू होतं का यावर कोर्टात वाद झालेत, म्हणून गवंडी मंडळींनी यावर फार भिस्त ठेवू नये.

मुदत, पाऊस आणि अपघात

आपल्याकडं जूनपासून जो पाऊस लागतो, खानापूर बाजूला तर विचारूच नका, त्यात बाहेरचं काम होत नाही. म्हणून "पावसामुळं, वीज नसल्यामुळं, मालकांनी सामान किंवा नकाशा वेळेवर न दिल्यामुळं गेलेले दिवस मुदतीत वाढतील" ही ओळ घाला. समोरच्यानं रोज इतका दंड असं लिहून आणलं तर घाबरू नका पण डोळे मिटून सही पण करू नका. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट वाजवी भरपाईच देतं, लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा असते. तरी दंडाला कमाल टक्का लावून घ्या.

माणूस स्लॅबवरून पडला तर दवाखान्याचा खर्च कुणाचा, विमा कुणी काढायचा, हे पण लिहा, विषय काढायला जड जातो तरी. आणि मध्येच काम थांबलं तर काय: किती दिवसांची नोटीस, त्या दिवशी दोघांनी मिळून मोजणी, झालेल्या कामाचे पैसे किती दिवसांत, साइटवरचं सामान कुणाचं.

करार कोणत्या भाषेत

आपल्या भागात हा प्रश्न येतोच. मराठीत लिहिलेला करार कायद्यानं पक्का असतो. पण इथल्या कोर्टांचं कामकाज कन्नड आणि इंग्रजीत चालतं, त्यामुळं वाद झाला तर भाषांतर जोडायला लागतं, आणि त्या भाषांतरात "पॉइंट दीड धरणे" याचं काय होईल सांगता येत नाही. मी काय करतो, गिऱ्हाईक मराठी असेल तर मराठीत, कन्नड असेल तर एका बाजूला कन्नड एका बाजूला मराठी, आणि खाली ओळ: "दोन मजकुरांत फरक आढळल्यास ______ भाषेतला मजकूर ग्राह्य." कोणता ग्राह्य ते वाद व्हायच्या आधी ठरतं, ही मोठी गोष्ट. शब्द तसे लांबचे नाहीत, करार कन्नडात पण करारुच, अॅडव्हान्स म्हणजे मुंगड. आकडे अक्षरात पण लिहा.

जी भाषा वाचता येत नाही तिच्यातल्या कागदावर सही करू नका. शहरातल्या एका ऑफिसचं काम होतं तेव्हा त्यांनी इंग्रजीत अकरा पानं दिली आणि "नेहमीचंच आहे, सही करा" म्हणाले. मी घरी आणला, पोरीनं वाचून दाखवला, आठव्या पानावर वाद झाल्यास लवाद त्यांनीच नेमायचा आणि तो बेंगळूरात बसणार असं होतं. मी ते खोडून मागितलं, त्यांनी खोडलं, खोडलेल्या जागी दोघांच्या सह्या झाल्या. विचारल्याशिवाय कोण खोडत नाही. शेवटी "हा करार मला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवला आहे" अशी ओळ आणि वाचणाऱ्याची सही असू द्या.

स्टॅम्प

खोट्या स्टॅम्पचा घोटाळा करणारा तेलगी आपल्या खानापूरचा, त्यामुळं स्टॅम्पचं महत्त्व आपल्याला कुणी शिकवायला नको. आता कर्नाटकात ई-स्टॅम्प घ्यायचा. त्यावर दोन्ही पार्टींची नावं, कशाचा करार, पैसे कोण भरतंय, एवढं द्यायला लागतं. नावाचं स्पेलिंग तिथंच तपासा. किती रुपयांचा लागतो ते त्या दिवशीचं विचारून घ्या, दर बदलत असतात. त्यावरचा नंबर ऑनलाइन तपासला की खरा-खोटा कळतो. सहीच्या दिवशी किंवा आधी घ्यायचा, नंतर नाही. स्टॅम्प नसला म्हणून करार रद्द होत नाही, पण ड्यूटी आणि दहापट दंड भरल्याशिवाय कोर्ट तो पुरावा म्हणून घेत नाही. नोटरी सक्तीची नाही, साक्षीदार पण सक्तीचे नाहीत, तरी दोन साक्षीदार घ्या, एक त्यांच्याकडचा एक आपला. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, प्रती दोन.

चंदगड, कोल्हापूरकडं काम असेल तर सही जिथं होते तिथला स्टॅम्प. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० आणि २०० चा बंद होऊन किमान ५०० झालाय. इथं केलेला करार तिकडं वापरायला लागला तर फरकाची ड्यूटी भरायला लागू शकते. दुसरं म्हणजे कोर्ट. ज्या कोर्टाचा मुळात संबंधच नाही ते करारात लिहून आणता येत नाही, पण दोन-तीन कोर्टं लागू असतील तर त्यातलं एक निवडता येतं. म्हणून मी लिहितो, "करार बेळगाव येथे झाला, पैसे बेळगावच्या खात्यात द्यायचे, वाद बेळगावच्या कोर्टात." लहान कामात लवादाचं कलम घेऊच नका, खर्च परवडत नाही.

फोटो, डिझाइन, सॉफ्टवेअर करणाऱ्यांसाठी

कॉपीराइट कायदा १९५७ आहे. लोगो, लेख, वेबसाइटचा कोड स्वतंत्र माणसानं करून दिला तर वेगळं लिहून दिल्याशिवाय मालकी करणाऱ्याचीच राहते. लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ मात्र उलटे, पैसे देऊन काढून घेतले तर मालकी गिऱ्हाइकाची, वेगळं ठरलं नसेल तर. म्हणजे आपल्याच पेजवर टाकायला पण परवानगी लागते, ती करारातच घ्या. हक्क द्यायचे असतील तर लेखीच द्यायला लागतात, आणि किती वर्षांसाठी ते लिहिलं नाही तर ५ वर्षंच धरतात. "पूर्ण पैसे मिळाल्यावर हक्क जातील" असं लिहा. काम संपल्यावर दुसऱ्या कुणाचं काम करायचं नाही असं कलम कुणी घातलं तर करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे ते सहसा टिकत नाही, गुपित जपायचं कलम टिकतं.

पैसे अडकलेच तर

आधी मोजणी आणि मंजूर मेसेज जोडून लेखी मागणी, स्पीड पोस्टानं, पोचपावतीसकट. मग वकिलाची नोटीस. कोर्टात जायच्या आधी तालुका कायदे सेवा समितीकडं लोकअदालतीसाठी अर्ज करता येतो, तिथं कोर्ट फी नाही, आणि दोघांच्या संमतीनं झालेला निवाडा कोर्टाच्या हुकमासारखा चालतो.

दाव्याची मुदत साधारण ३ वर्षं, आणि ती गप्प बसल्यामुळं जाते. दिवाळीनंतर देतो, पीक आल्यावर देतो, प्लॉट विकला की देतो, असं करत तीन वर्षं कधी जातात कळत नाही. मुदत संपायच्या आत समोरच्यानं बाकी लेखी मान्य करून सही केली तर मुदत तिथून परत नव्यानं सुरू होते. म्हणून दर दिवाळीला मी मिठाई घेऊन जातो तेव्हा खिशात चिठ्ठी असते: "दि. ______ अखेर वायरिंगच्या कामाची बाकी रु. ______, अक्षरी ______, मान्य." खाली त्यांची सही आणि तारीख. ती करारासोबत त्याच फाइलला लावायची.